साडूंचा नंबरचा मास्क

माझ्या साडूंइतकं बारीक बघणारा आणि माझ्या साडूंइतकं कमी दिसणारा माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात दुसरा नाही. तळेगाव आणि भोसरी धरली तरी नाही. डोळ्यांवर चष्मा असेल तर हा गृहस्थ वीस फुटांवरून बोल्टचा अर्धा आटा कमी आहे हे सांगतो. चष्मा काढला की त्याच वीस फुटांवर बोल्ट आहे, बैल आहे की स्वतःची बायको आहे, हे त्यांना आवाज आल्याशिवाय कळत नाही. उजवा डोळा उणे साडेआठ, डावा उणे नऊ, आणि दोन्हींना वर तिरकस नंबर. काचा इतक्या जाड की त्यांच्याआड साडूंचे डोळे मोहरीच्या दाण्याएवढे दिसतात. एकदा लग्नाच्या मांडवात घामाने धुरकटलेला चष्मा पुसायला काढला असताना त्यांनी शेजारच्या उंच पंख्याला वाकून नमस्कार केला आणि "मामा, जेवण झालं का" असं विचारलं. पंख्याने आपल्या सवयीप्रमाणे डावी-उजवीकडे मान हलवली. तेव्हा साडूंनी त्याला दंडाला धरून पंगतीला न्यायचा प्रयत्न केला. वायर ताणली गेली नसती तर पंखा जेवला असता.

नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात. तयार माल तपासायचा आणि त्याला कागदी टॅग लावायचा. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. काम एवढंच, पण साडू ते यमाच्या दरबारातल्या कारकुनासारखं करतात. बाहेर ट्रक इंजिन चालू ठेवून उभा, आत मॅनेजर हात जोडून उभा, आणि मधे साडू हातात व्हर्निअर घेऊन स्टुलावर बसलेले, हे दृश्य त्या कंपनीत इतक्यांदा झालंय की नवीन आलेल्या पोरांना ते ट्रेनिंगमध्ये दाखवतात. व्हर्निअर म्हणजे ती केसाची जाडी मोजणारी स्टीलची पट्टी. साडू ती शर्टाच्या खिशात ठेवतात, दुसरे लोक पेन ठेवतात तशी. नोकरीत त्यांनी एकही खोटा ओके दिलेला नाही. कुणी फार गयावया केली तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "मी पीस रिजेक्ट करत न्हाई राव. पीस मुळातच रिजेक्ट असतोय, मी फक्त टॅग लावतो."

घरी निघताना टॅगांचा गठ्ठा कंपनीत ठेवायचा असतो हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. काळेवाडीतल्या त्यांच्या घरात झाडूपासून देवघरापर्यंत प्रत्येक वस्तूने कधी ना कधी पिवळा टॅग मिरवला आहे. दिवाळसणाला सासूबाईंनी त्यांना पुरणपोळी वाढली तेव्हा त्यांनी ती चार जागी मोजली आणि कडेला व मध्ये जाडीत फरक असल्याचं अत्यंत आदराने निदर्शनाला आणून दिलं. सासूबाईही जुन्या. त्या दिवसापासून त्या साडूंना आदल्या दिवशीची पोळी वाढतात आणि म्हणतात, "हिला वाळल्यामुळं फरक पडलाय, जावईबापू." माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना साडूंनी अंतरपाट डाव्या बाजूला खाली असल्याचं सांगून कार्यक्रम थांबवला होता. आणि मी हिंजवडीला कॉम्प्युटरवर नेमकं काय बनवतो असं विचारून, मी घसा कोरडा करून समजावून सांगितल्यावर, "म्हणजे हातात काय येत न्हाई" असं म्हणून त्यांनी मला जो पिवळा टॅग लावला तो आजतागायत निघालेला नाही. रहाटणीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये ते येणार असले की मी पडदे काढूनच ठेवतो. नसलेल्या पडद्याची लांबी चुकत नाही.

साऱ्या जगात हिरवा टॅग मिळालेली एकच वस्तू होती, आणि ती साडूंच्या नाकाखाली होती. मिशी. दाट, काळीभोर, दोन्ही टोकं वर वळलेली. दर रविवारी सकाळी ते आरशासमोर उभे राहून व्हर्निअरने दोन्ही टोकं मोजत. न्हाव्याकडे चष्मा काढावा लागतो आणि न दिसणाऱ्या माणसाच्या मिशीवर न दिसणाऱ्या न्हाव्याचा हात चालावा हे त्यांना मंजूर नव्हतं. शिवाय ही मिशी त्यांची एकट्याची नव्हती. चाकणच्या पलीकडे त्यांचं गाव, आणि त्या गावात बाप हयात असेपर्यंत मिशीला वस्तरा लागत नाही. मिशी उतरवलेला माणूस वेशीतून आत आला की लोक तो कुणाचा मुलगा हे आठवतात, टोपी काढतात आणि गप्प उभे राहतात.

साडूंचे वडील म्हणजे तात्या. वय ऐंशीच्या पुढे, मिशी पांढरी, आवाज जुन्या ट्रॅक्टरचा. साडूंना हे बारीक बघणं कुठून आलं हा प्रश्न तात्यांना पाहिलेल्या माणसाला पडत नाही. चाकणच्या बाजारात तात्या कांद्याच्या ढिगाला एक फेरी मारायचे आणि आतून सडलेल्या कांद्यावर लांबूनच काठी टेकवायचे. व्यापारी त्यांना येताना पाहून ढिगावर ताडपत्री टाकायचे म्हणतात. हल्ली मात्र ते बाजारात जात नसत. गुडघे धरतात, म्हणत. टीव्हीसुद्धा नुसता ऐकत. बघण्यासारखं काय असतंय त्यात, म्हणत. आम्हा सगळ्यांना ते पटायचं.

तर अशा या साडूंनी गेल्या हिवाळ्यात मला फोन केला आणि समुद्रात घालायचा नंबरचा मास्क कुठे मिळतो असं विचारलं. मी हसलो. पलीकडून काही आवाज आला नाही, तेव्हा आठवलं की साडू विनोद करत नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं त्यात मी मधे एकही विनोद केला नाही, जे माझ्या घरात अजून कुणी खरं मानत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही घरं मिळून तारकर्लीला गेलो होतो. होडीतून खोल पाण्यात नेतात, तोंडावर मास्क आणि तोंडात नळी देतात, पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. मी होडीच्या कडेला लटकून सकाळचा नाश्ता समुद्राला परत करत होतो, त्यामुळे मला बाकी काही ठाऊक नव्हतं. साडू चष्मा काढून, साधा मास्क लावून, आठ वर्षांच्या सईचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा हात धरून पाण्यात उतरले होते. सई सारखी हात ओढून बोट दाखवत होती. साडूंना मच्छरदाणीत हिरवा बल्ब लावावा तसं दिसत होतं. वर आल्यावर तिने विचारलं, पप्पा, तो मासा बघितला ना? साडू म्हणाले, व्हय, बघितला. तिने विचारलं, कसला होता? साडू म्हणाले, पिवळा. मासा निळा होता. सईने "हं" म्हटलं आणि आईजवळ जाऊन बसली.

"तवापास्नं पोरीनं मला काय दाखवलंच न्हाई राव," साडू म्हणाले. "दात पडला, आईला दाखवला. चित्राला बक्षीस मिळालं, आईला दाखवलं. मी विचारलं की म्हणती, तुम्हाला काय, काहीही सांगितलं तरी हो म्हणता. एकदाच खोटा ओके दिला मी. पोरीला दिला."

फेब्रुवारीत पुन्हा तारकर्लीचं ठरत होतं. आणि या खेपेला साडूंना मासा दिसायलाच हवा होता.

मग सुरू झालं संशोधन. पहिला प्रयोग घरच्या बादलीत, चष्म्यावरच मास्क चढवण्याचा. चष्म्याच्या काड्या मास्कच्या रबराखालून बाहेर येतात, तिथून पाणी आत येतं, आणि बादलीतून डोकं वर काढलेला माणूस चष्म्यासह मत्स्यालयासारखा दिसतो. दुसऱ्या प्रयोगात जुन्या चष्म्याच्या काड्या कापून तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने मास्कच्या आत बसवला. बादलीत वाकताक्षणी चष्मा सुटून नाकावरून घसरला आणि साडूंच्या दाताखाली आला. तिसऱ्यांदा डोळ्यात घालायच्या लेन्सचा विचार झाला. काळेवाडीतल्या चष्मेवाल्याकडे दीड तास बसून साडूंनी लेन्स बोटावर घेतली; बोट जवळ आलं की पापणी फाटकासारखी खाली पडायची. शेवटी त्यांनी लेन्सची कडच नीट नाही असं म्हणून ती उजेडात धरली, ती उडाली, आणि शोधण्यासाठी त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते तिच्यावरच. चष्मेवाल्याने तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकून सांगितलं की लेन्स घालून समुद्रात उतरणं तसंही डोळ्यांना बरं नाही. चौथा प्रयोग पोहण्याच्या नंबरच्या गॉगलचा. त्यात दिसतं झकास, पण नाक उघडं राहतं. नळीने तोंडाने श्वास घेताना साडूंचं नाक सवयीने आपलं काम करत राहिलं, आणि बादलीतलं पाणी मेंदूपर्यंत जाऊन आलं असं ते सांगतात. आत जागा असल्याशिवाय पाणी एवढं जात नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

खरी वाट चष्मेवाल्यानेच दाखवली. बहुधा साडू दुकानात येणं थांबावं म्हणून. तो म्हणाला की काही मास्कना दोन डोळ्यांच्या दोन सुट्या काचा असतात. त्या काढायच्या आणि तयार मिळणाऱ्या नंबरच्या काचा बसवायच्या. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराने वाढतात, आठपर्यंत मिळतात, तिरकस नंबर मिळत नाही. पण पाण्याखाली सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे दोन्हीकडे आठ टाकले तरी भागेल. "भागेल" हा शब्द साडूंनी आयुष्यात वापरलेला नाही. त्यांच्या कंपनीत ड्रॉइंगपेक्षा वेगळा माल चालवायचा असेल तर कुणीतरी जबाबदार माणसाने तसं लिहून सही करावी लागते. साडूंनी चष्मेवाल्यासमोर कागद सरकवला. त्या बिचाऱ्याने पंधरा मिनिटं वाद घातला आणि मग आपल्या लेटरहेडवर "मासा दिसेल" असं लिहून खाली सही-शिक्का मारून दिला. तो कागद साडूंनी प्लास्टिकच्या पाकिटात घातला.

मास्क घ्यायला पिंपरीतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात आम्ही दोघे गेलो. तिथल्या सेल्समनने मास्क पारखायची रीत सांगितली: पट्टा न लावता मास्क तोंडावर ठेवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. सोपी गोष्ट. साडूंनी एक मास्क उचलला, चष्म्यावर हात ठेवला, थोडा विचार केला आणि मास्क माझ्या तोंडावर ठेवला. मी म्हटलं, साडूभाऊ, घालायचा तुम्हाला आहे. ते म्हणाले, "तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असून चालत न्हाई राव. क्वालिटीचा पहिला नियम." शिवाय चष्मा काढल्यावर मास्क तोंडावर आहे की जमिनीवर पडलाय हे बघणार कोण, हाही मुद्दा होता.

त्या दुपारी मी चौदा मास्क श्वासावर पेलले. साडू व्हर्निअर घेऊन माझ्या गालाशी, कपाळाशी, नाकाखाली रबरातली फट मोजत होते. गिऱ्हाईकं सामान टाकून बघायला उभी राहिली. एका आजोबांनी सेल्समनला विचारलं की हे दम्याचं यंत्र कितीला आहे. चौदाव्या मास्कची फट माझ्या गुळगुळीत चेहऱ्यावर कुठेच भरली नाही, तेव्हा साडूंनी खिशातून हिरवा टॅग काढून माझ्या कपाळावर, म्हणजे मास्कच्या काचेवर, लावला. दुसऱ्या दिवशी हिंजवडीला मी डोळ्यांभोवती लाल वळं घेऊन मीटिंगला बसलो. साहेबांनी काळजीने विचारलं. मी म्हटलं, कौटुंबिक आहे.

नंबरच्या काचा बसवून झाल्यावर शेवटची चाचणी साडूंच्या इमारतीच्या गच्चीवर. पाणी एक दिवसाआड येतं म्हणून तिथे निळा ड्रम भरलेला असतो. मी त्याच्या तळाशी एक बोल्ट टाकला. साडू मास्क लावून कमरेपर्यंत ड्रममध्ये वाकले आणि नळीतून "नऊ आटे!" असं ओरडले. मला भरून आलं. पण पुढच्याच क्षणाला ते ठसकत वर आले. मास्क नाकापर्यंत पाण्याने भरला होता. पुन्हा वाकले, पुन्हा भरला. मग त्यांनी मला वाकवलं. मी ड्रममध्ये उलटा लटकून मनातल्या मनात शंभरपर्यंत अंक म्हटले, थेंब आला नाही. साडू ड्रमला टेकून उभे राहिले. पीस ओके, पाणी ओके, माझा चेहरा ओके. मी पाहिलं, त्यांचा हात सावकाश वर गेला आणि नाकाखाली येऊन थांबला. रबराची कड नेमकी जिथे टेकते, तिथे मिशी होती. चौदा मास्क तपासले, पण ज्या चेहऱ्यासाठी तपासायचे तो चेहरा तपासायचा राहिला होता.

मिशीला तूप लावून झालं, मुंग्या आल्या. कंपनीतलं ग्रीस लावून झालं. ताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, माहेरी जायची धमकी देऊन बसल्या. मग सेल्समनने फोनवर सांगितलं की पूर्ण मिशी काढायची गरज नाही, नाकाला लागून रबराच्या कडेएवढी पट्टी काढली तरी पुरतं. सहा मिलीमीटर. घराण्याला पत्ताही लागणार नाही. रविवारी सकाळी गच्चीवरच साडूंनी ती पट्टी काढली आणि मी समोर आरसा धरून उभा होतो, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा मी एकमेव साक्षीदार आहे. उजवीकडे सहा झाले, डावीकडे साडेसहा. म्हणून उजवीकडे थोडं. मग डावीकडे थोडं. मी दोनदा म्हटलं, पुरे. साडू व्हर्निअर लावायचे, मान हलवायचे आणि कात्री घ्यायचे. उन्हं गच्चीवर यायच्या आत तिथे पेन्सिलने ओढल्यासारखी एक रेघ उरली, ती दोन्हीकडे अगदी सारखी होती, पण रेघेची जाडी मधे कमी भरत होती. मग तीही गेली. ताई चहा घेऊन वर आल्या, साडूंकडे बघितलं, ट्रे खाली ठेवला आणि भिंतीला धरून बसल्या.

"तात्यांना कधी झालं?" त्या म्हणाल्या.

ताईंची समजूत घालता घालता चहा गार झाला. इमारतीची समजूत कुणी घालायची हा प्रश्नच होता. वॉचमनने टोपी काढली. शेजारच्या काकूंनी, या घरात आज चूल पेटणार नाही असं धरून, पिठलं-भाकरी पाठवली. पिठलं चांगलं होतं म्हणून खुलासा जेवणानंतर करायचं ठरलं. सोमवारी कंपनीच्या गेटवर लोक दोन मिनिटं उभे राहिले, आणि ज्या मॅनेजरला साडूंनी वर्षानुवर्षं रडवलं होतं त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दहा दिवसांची रजा देऊ केली. ती साडूंनी नियमात बसत नाही म्हणून नाकारली. घरात मात्र एकच सक्त ताकीद होती: तात्यांना कळता कामा नये.

फेब्रुवारीत तारकर्लीला मी पुन्हा होडीच्या कडेला होतो, नाश्त्यासह. पण या वेळी एक डोळा पाण्याकडे ठेवला होता. दोन नळ्या शेजारी शेजारी तरंगत होत्या, एक मोठी, एक छोटी. सईने आता हात धरला नव्हता, नुसती बरोबर होती. खूप वेळ काही झालं नाही. माझ्या मनात आलं, काचा आठच्या, तिरकस नंबर नाही, त्या चष्मेवाल्याचं काही खरं नाही. मग मोठ्या नळीखालून एक हात पुढे आला, सईचा हात शोधला, धरला आणि ओढला. आणि बोट साडूंनी दाखवलं.

वर आल्यावर सईने काही विचारलं नाही. साडूंनी मास्क काढला, हातानेच तोंड पुसलं, आणि जिकडून तिचा श्वास ऐकू येत होता तिकडे तोंड करून म्हणाले, "निळा. पाठीवर काळा पट्टा. शेपटीला डाव्या बाजूनं कुणीतरी चावा घेतलाय."

सई त्यांच्या मिशी नसलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या मागं दगडात अजून एक लपलाय, छोटा. तो नाही दिसला तुम्हाला. चला, दाखवते."

ते दोघे अंधार पडायला आला तरी पाण्यातच होते. होडीवाला वैतागला. साडूंच्या पिशवीतून मी तो "मासा दिसेल"चा कागद काढून होडीवाल्याला दाखवला, पण त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

परत आल्यावर आठवडाभरातच गावाहून निरोप आला. कांदे काढायला घेतलेत, रविवारी सगळे या. आठवड्यात मिशी कितीशी वाढणार. साडूंनी कंपनीतला धुळीचा मास्क नाका-तोंडावर बांधला, सर्दीचं कारण पाठ केलं, आणि मला सोबत घेतलं, कारण तात्या पाहुण्यांसमोर काठी उचलत नाहीत. ओसरीवर बाजेवर तात्या बसले होते, पुढ्यात कांद्याचा ढीग. साडू पाया पडले, खोकले. तात्या म्हणाले, तोंड बांधून काय बोलतो, काढ ते. साडूंनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी माझ्याकडे, मी कांद्यांकडे. मग साडूंनी मास्क काढला.

तात्यांनी मान वर केली, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "मिशा लई वाढल्यात रं तुझ्या. कातर की जरा."

मला वाटलं, काय टोला हाणला म्हाताऱ्याने. हसू दाबताना माझ्या कानांतून वाफ निघाली, ताईंनी पदर तोंडात धरला. हसले नाहीत ते फक्त साडू. ते दोन पावलं बाजूला सरकले. तात्यांचे डोळे होते तिथेच राहिले, जिथे आता कुणी नव्हतं. साडू खाली बसले, ढिगातून एक कांदा उचलला आणि तात्यांच्या हातात दिला. हा कसा आहे, विचारलं. तात्यांनी कांदा फिरवला, बोटांनी दाबला, हळूच नाकाशी नेला.

"सडका," ते म्हणाले.

"बघून सांगा की तात्या."

"बघूनच सांगितलं."

हा खोटा ओके साडूंना ओळखू येणार नाही तर कुणाला. त्यांनी तात्यांचा हात धरला आणि आपल्या नाकाखाली ठेवला. ती जाड, मातकट बोटं ओठावरून एकदा इकडे गेली, एकदा तिकडे गेली आणि थांबली.

"मी हाय न्हवं रं अजून?" तात्यांनी विचारलं.

"हायसा तात्या."

"मग हे काय?"

"सईचा मासा बघायचा व्हता. त्यापायी काढली."

"दिसला?"

"दिसला."

तात्यांनी बोटं पुन्हा एकदा ओठावरून फिरवली. "मिशीपरीस चांगला व्हता का?"

"व्हय," साडू म्हणाले. मग कांद्याच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "कधीपास्नं दिसत न्हाई तुम्हाला?"

"झालं की आता. मागल्या पावसापास्नं." तात्यांनी कांदा ढिगात परत टाकला, आणि तो बरोबर वेगळा काढलेल्या सडक्यांत पडला. "सांगणार व्हतो. पर तू समद्यांना लाल कागद लावतोस. म्हणलं, आपल्याला कशाला लावून घ्या."

भिंतीची चीर, पोळीची कड, अंतरपाटाचं टोक, बोल्टचा अर्धा आटा, यातलं ज्यांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटलं नाही, ते साडू दर पंधरा दिवसांनी त्या ओसरीवर येऊन बसत होते आणि बापाच्या न दिसणाऱ्या डोळ्यांसमोर बसत होते. त्यांनी खिशातून टॅगांचा गठ्ठा काढला, बघितला, आणि तो कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखे नुसता हातात धरून बसले. मी तोंड उघडलं, कारण अशा वेळी काहीतरी चावट बोलणं हे माझं काम असतं. मग ते मिटून मी कांदे निवडायला बसलो.

मोतीबिंदू होता. महिन्याभरात चिंचवडला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी आम्ही सगळे खोलीत दाटीवाटीने उभे होतो. पट्टी निघाली. तात्यांनी त्या एका डोळ्याने आधी छताकडे, मग डॉक्टरांकडे, मग सईकडे बघितलं, तिला जवळ घेऊन तिच्या कपाळावरची खरचटलेली खूण पाहिली. मग त्यांनी साडूंना खिडकीच्या उजेडात उभं केलं. मिशी तोवर चांगली भरली होती. तात्यांनी हनुवटीला धरून साडूंचं तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं.

"डावीकडं कमी हाय," ते म्हणाले.

त्याच दिवशी सकाळी साडूंनी दोन्ही बाजू मोजल्या होत्या. आरसा मीच धरला होता. केसाचाही फरक नव्हता, आणि व्हर्निअर त्यांच्या खिशातच होतं.

"व्हय तात्या," साडू म्हणाले. "कमीच हाय."

मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. त्या काचा जाड आहेत, पुसायला वेळ लागतो. चष्मा काढला की साडूंना काही म्हणता काही दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यात मीही माझे डोळे पुसून घेतले.